ज्येष्ठा बोटीत मावत नाही

पुसद,
श्रावण वद्य चतुर्थी

सौ. शीला हिला थोरल्या जावेचे आशीर्वाद.

(वरचं ‘सौ.’ हाताच्या सवयीनं पडलं, आणि पडल्यावर पेन थांबलं. खोडावं, तर पहिल्याच ओळीत खाडाखोड. ‘गं. भा.’ लिहावं, तर ती अक्षरं माझ्या हातून उमटत नाहीत. ‘श्रीमती’ म्हटलं की मला विजेचं बिल आठवतं. म्हणून आहे ते राहू दे. चिंतूभाऊजी गेले म्हणून तुला नवीन नाव ठेवायची मला काही गरज दिसत नाही.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? भैरवीचा नागपूरहून फोन असतो. (होय, तुझी लेक मला फोन करते. गेली चार वर्षं करते. तिला रागावू नको, मीच तिला सांगू नको म्हटलं होतं.) ती म्हणते, आई एकच वेळ जेवते. असं करू नये, शीला. भाऊजी गेल्यावर मीही महिनाभर करून पाहिलं. त्यानं माणूस मरत नाही, नुसतं पित्त वाढतं.

आमच्याकडे सगळं क्षेम आहे असं पत्रात लिहायची पद्धत आहे, पण ते खोटं होईल. आमच्याकडे बोट आहे. तिचं सविस्तर पुढे सांगतेच. त्याआधी एक कबूल करते, की ह्या पत्रात एक मागणं आहे आणि ते मी मुद्दाम शेवटी लिहिणार आहे, कारण आधी लिहिलं तर तू पत्र फाडशील. तुझ्या जागी मी असते तर मीही फाडलं असतं. मागणं आपल्या महालक्ष्म्यांचं आहे, एवढं सांगून ठेवते. तू म्हणे ह्या भादव्यात आपली कनिष्ठा उभी करणार नाहीस, पेटीत घालून देवळात देऊन टाकणार आहेस. भैरवीनं हे मंगळवारी सांगितलं आणि तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरून नाही राहिला.

तर बोट. तुझे भासरे, म्हणजे आमचे हे, उरलेलं आयुष्य शिडाच्या बोटीत काढणार आहेत, समुद्रावर. ज्या माणसानं छत्तीस वर्षं भूमी अभिलेखात मोजणीदार म्हणून लोकांची कोरडवाहू वावरं मोजली, ज्याला पुसदहून दिग्रसला बसनं जाताना खिडकीची जागा आणि उलटीची गोळी लागते, तो माणूस! भाऊजींचं तेरावं झालं. त्यानंतर पंधरा दिवस हे घरात एक शब्द बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी गच्चीवरून खाली आले आणि म्हणाले, आपण बोटीवर राहायला जाऊ. मला वाटलं, कुठे चार दिवस सहलीला. किती दिवस, म्हणून विचारलं. म्हणाले, मरेपर्यंत. चहा बिनसाखरेचा कर म्हणतात ना, अगदी त्या आवाजात. मी आपली पोळ्या लाटून राहिले होते. लाटत राहिले. दुसरं काय करणार?

बोट मालवणकडच्या एका खाडीत आहे. कोणी निवृत्त नौदलवाले गृहस्थ आहेत, आता लेकीकडे राहायला चालले म्हणून विकून राहिले. लांबी अठ्ठावीस फूट, रुंदी जास्तीत जास्त नऊ, आणि आतली उंची साडेपाच फूट. यांची स्वतःची उंची पाच फूट सात इंच. मी हे निदर्शनास आणलं, तर म्हणाले, वाकून राहू. (चाळीस वर्षं संसार केला. हा माणूस हळद लागली तेव्हा सासऱ्यांसमोर वाकला होता, त्यानंतर आज.) मग सराव सुरू झाला. मोजणीवाला माणूस, तो काही पुस्तक आणून वाचणार नाही. यांनी चुन्याची फक्की आणली आणि गच्चीवर बोट आखली, अगदी टेप लावून. हे स्वैपाकघर, ही निजायची फळी, हे न्हाणीघर (त्यात मी आडवी राहिले तर मावते, उभी राहिले तरी मावते, पण वळले की कोपर बोटीबाहेर जातं). नियम एकच, की रेषेबाहेर पाय पडला की माणूस बुडाला. पहिल्या दिवशी मी चार वेळा बुडाले, तीनदा मिठासाठी आणि एकदा फोन वाजला म्हणून. प्रत्येक वेळी हे मोठ्यानं ओरडत, बुडालीस! शेजारची हंसाबाई एकदा सांबाराची हिरवीगार जुडी द्यायला जिना चढून आली आणि सरळ समुद्रातून चालत माझ्या हातात जुडी दिली. हे तिलाही ओरडले. ती बिचारी खाली जाऊन गल्लीभर सांगत सुटली, ‘मी सांबार द्याले गेलती, त थे मले मेली मेली म्हणून राह्यले! काहून बाप्पा, मी काय केलं?’ तेव्हापासून गल्लीतलं कोणी आमच्या गच्चीवर येत नाही. वाळवणं घालायला मात्र जागा झाली.

त्यानंतर घर रिकामं करणं आलं. यांनी चिठ्ठ्या केल्या तीन प्रकारच्या, ‘बोट’, ‘श्रेयस’ आणि ‘देऊन टाकणे’, आणि वस्तूंना चिकटवत सुटले. श्रेयसनं पुण्याहून फोनवर सांगितलं, बाबा, मला काही नको, फक्त तुमची मोजायची टेप द्या. नेमकी तीच यांना द्यायची नाही. स्टीलचे डबे, पराती, पिंप, सगळ्यांवर कोणाकोणाची नावं घातलेली. आत्याबाईंचं नाव असलेला डबा हंसाबाईला कसा द्यायचा, सांग. एक दिवस माझ्याच पाठीवर ‘बोट’ अशी चिठ्ठी चिकटवून ठेवली, मला न सांगता. मी ती घेऊन पोस्टात गेले, बाजारात गेले, वांगे घेतले, भजनी मंडळात दोन तास बसले. कोणी बोललं नाही. परत आल्यावर हंसाबाईनं काढून हातात दिली. मी यांना विचारलं, हा काय चावटपणा? म्हणाले, ‘देऊन टाकणे’ तर नाही लावली ना. शीला, मला हसूही आलं आणि रडूही आलं. भाऊजी गेल्यापासून यांनी केलेली ती पहिली थट्टा होती.

वैशाखात प्रत्यक्ष बोट पाहायला गेलो. ती धक्क्याला दोन्ही बाजूंनी दोरांनी घट्ट बांधलेली, हलत म्हणावी तर तितकीच जितका आपला झोपाळा वाऱ्यानं हलतो. यांनी पाय ठेवला, पाच मिनिटांत रंग पालटला आणि पोटातलं सगळं अरबी समुद्रात गेलं. पण टेप सोडली नाही! एका हातात कठडा आणि एका हातात टेप, मधूनच ओ करायची आणि मधूनच आकडा सांगायचा, मी वहीत लिहायचा. त्या नौदलवाल्या गृहस्थांनी मला लिंबू आणून दिलं. मी आत जाऊन त्या फळीवर बसले. अगदी पाण्याच्या बरोबरीनं एक छोटी गोल खिडकी होती. मला ती बोट आवडली, शीला. कोणाला सांगू नको. तिथे बसल्यावर वाटलं, इथे कोणी येऊन विचारणार नाही की यंदा महालक्ष्म्यांना तुमचे बोरीचे दीर-जाऊ का नाही आले.

आता ज्यामुळे हे पत्र लांबलं ते सांगते. चैत्रात ईसापूरच्या धरणावर सराव केला होता. यांचा जुना साखळीवाला भावसिंग आठवतो ना? मोजणीची साखळी धरून हा बांधाच्या ह्या टोकाला आणि हे त्या टोकाला, अशी पंचवीस वर्षं. आता तो धरणाजवळच्या तांड्यावर राहतो, मासे धरतो. त्याच्याकडून डोंगा घेतला. शिडाला कापड पाहिजे म्हणून यांनी माळ्यावरून कापड काढलं ते कोणतं, तर महालक्ष्म्यांच्या मागचा लाल साटीनचा पडदा. ज्यावर सासूबाईंनी जरीनं ‘सुस्वागतम्’ शिवलं होतं. तो वाटणीत मधोमध कापला होता, तुला विसरायला झालं नसेल. आमच्याकडे ‘सुस्वा’ आला आणि तुमच्याकडे ‘गतम्’. तो ‘सुस्वा’ बांबूला बांधून आम्ही निघालो. भावसिंगनं काठावरून विचारलं, ‘साहेब, बोटीचं नाव सुस्वा ठेवलं काय?’ हे हो म्हणाले.

वारा आला, पडदा फुगला, आणि खोटं कशाला सांगू, आम्ही गेलो! चांगली दोनशे पावलं गेलो. हे डोंग्यात उभे राहिले, छाती काढून. आणि मग वारा थांबला. असा थांबला की पाण्यावर सुरकुती नाही. मधोमध आम्ही दोघं, काठावर म्हशी आमच्याकडे पाहून राहिलेल्या, डोक्यावर चैत्राचं ऊन. अर्धा तास झाला, तास झाला. मी थालीपिठाचा डबा उघडला. यांनी हात लावला नाही. मग एकाएकी म्हणाले, हे पाणी चिंतूला दाखवायला पाहिजे होतं. लहानपणी पुराच्या पाण्यात हे दोघं सासूबाईंचं पितळी घंगाळ घेऊन उतरले होते आणि आपल्या कळंब गावभर मार खाल्ला होता, ते सांगायला लागले. सांगता सांगता थांबले आणि रडायला लागले. मी यांना सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं.

भाऊजी गेले त्या दिवशी आम्ही बोरीला आलो होतो, हे तुला माहीत आहे. मी आत आले, तुझ्याजवळ बसले, तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. हे आत आले नाहीत. सगळ्या गावानं पाहिलं की सख्खा भाऊ ओट्यावरून परत गेला, आणि तुझ्या मनात ते काय रुतून बसलं असेल ते मी समजू शकते. मीही यांच्याशी आठ दिवस बोलत नव्हते. त्या डोंग्यात बसून यांनी सांगितलं ते ऐक. ओट्यावर चपलांची रांग होती आणि तिच्यात चिंतूच्या चपला होत्या, नेहमीसारख्या, एक जराशी तिरकी. त्या पाहून हे मागे फिरले. स्टँडवर जाऊन बसले, ते मी परत येईपर्यंत तिथेच. आणि म्हणाले, मी त्याला इंच इंच मोजून दिलं गं. लोकांच्या बांधावर मी टेप जरा सैल सोडत असे, म्हातारं माणूस असलं की. माझ्या भावाला मी एक इंच सोडला नाही. मी यांचा हात धरून बसले. तेवढ्यात भावसिंग ट्रकच्या ट्यूबवर पालथा पडून हातांनी पाणी मारत आला आणि म्हणाला, ‘हवा बंद झाली त वल्हव माराचं ना साहेब! कायले रडून राह्यले?’ वल्हं डोंग्यातच होतं. मी त्याच्यावरच बसले होते.

त्या दिवसानंतर महिनाभर बोटीचं नाव नाही. पण घरातल्या चिठ्ठ्या सुरूच. फक्त एका वस्तूला चिठ्ठी नव्हती, ती महालक्ष्म्यांची पत्र्याची पेटी. एक दिवस पाहिलं तर यांनी आमची ज्येष्ठा पाटावर उभी केली होती, कोठीच्या धडावर मुखवटा, मुकुट सगळं लावून, भादवा नाही की काही नाही, आणि टेपनं मोजत होते. पाच फूट आठ इंच. तीनदा मोजलं. मग मला म्हणाले, ही बोटीत मावत नाही. मी म्हटलं, तुम्ही वाकणार आहात, तिला कोण वाकवणार? म्हणाले, बसवता नाही येणार? उभ्याच्या महालक्ष्म्या कधी बसतात काय! भैताडासारखं बोलू नका म्हटलं मी, आणि आत जाऊन रडले, कारण मला एकदम ते अकरा वर्षांपूर्वीचं आठवलं.

तू माझी बाजू कधी ऐकली नाहीस, आणि मी सांगायलाही आले नाही, म्हणून आता लिहिते. कळंबच्या घराची वाटणी यांनीच मोजली. सगळं निमूट झालं, महालक्ष्म्यांपाशी अडलं. हे म्हणाले, थोरल्याकडे राहतील, भाऊजी म्हणाले, आईनं माझ्या हातून पूजा करून घेतली. आणि मग रागाच्या भरात हे म्हणाले, एक तुझी, एक माझी. अगं, रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो! कोणी तरी हसायला पाहिजे होतं. कोणी हसलं नाही. सख्ख्या बहिणी त्या, अडीच दिवसांसाठी माहेरी येतात, त्यांना आपण दोन एसट्यांत बसवून दोन गावांना नेलं. आणि ज्येष्ठेची पेटी मी बांधली, शीला. मी. तू मोरीच्या दाराशी उभी राहून माझ्याकडे पाहत होतीस. मी एक शब्द बोलले असते, तर हे थांबले असते. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, थोरली आमच्याकडे आली. ह्याची मला लाज वाटते. रोज वाटते.

मग आम्ही यवतमाळच्या बाजारातून घाईघाईनं दुसरी कनिष्ठा आणली. तिची नजर थोडी डावीकडे आहे. जेवायला येणारी प्रत्येक सवाष्ण विचारते, ह्या रुसल्या का हो? तुमच्या विकतच्या ज्येष्ठेचे ओठ जाड आहेत आणि भाऊजी तिला ‘मामी’ म्हणत, हे भैरवीनं सांगितलं. अकरा वर्षं दोन्ही घरी पुरणावरणाचे, सोळा भाज्यांचे नैवेद्य झाले, आणि दोन्ही घरी अर्ध्या महालक्ष्म्या जेवल्या. आमच्या घरी त्या दिवशी हे कधी पोटभर जेवले नाहीत. पुरण जड जातं म्हणत. मी मान हलवत असे.

आणखी काय लिहू? लिहायचं होतं ते सोडून सगळं लिहून झालं. पावसाची दमट हवा आहे, गुडघ्याला एरंडेल लाव. भैरवीला आशीर्वाद.

तुझी थोरली जाऊ,
रजनी

ता. क. आता मागणं. येत्या रविवारी आम्ही दोघं आमची ज्येष्ठा घेऊन बोरीला येतो. ती ठेवून घे. पण देवळात देण्यासाठी नाही. ह्या भादव्यात दोघींना शेजारी शेजारी उभं कर, तुझ्या हातानं. नवऱ्यामागे बाईनं महालक्ष्म्यांना हात लावू नये असं तुझ्या गल्लीतल्या बाया म्हणतात, ते मला भैरवीनं सांगितलं. त्यांना माझ्याकडे पाठव. वीस वर्षं पुरण तूच घातलंस, मी नुसती वाढत होते. त्यात तुझ्या कपाळाचा काय संबंध? साड्या मी आणते. दोघींच्या एकाच रंगाच्या घेतल्या आहेत.

ता. क. दुसरा. पत्र बंद करण्याआधी तिकिटासाठी यांच्या टेबलाचा खण उघडला आणि ‘बोट’ लिहिलेली वही हाताला लागली. ती मी कधी पहिल्या पानापासून पाहिलीच नव्हती. पहिलं पान भाऊजींच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवसाचं. त्यावर एकच ओळ आहे, ‘ज्येष्ठा शीलाकडे पोचवणे. कारण काय सांगावे?’ पुढचे चार दिवस कोरे. मग लिहिलं आहे, ‘घर सोडतो आहोत म्हणून.’ त्याखाली, ‘सोडून कुठे?’ त्याखाली ‘काशी’, पुढे ‘शीलाला पटणार नाही’ असं म्हणून खोडलं आहे. मग ‘श्रेयसकडे’, पुढे ‘त्याच्या फ्लॅटात पेटी मावते’, तेही खोडलं. मग नुसतं ‘बोट’, आणि त्याखाली दोन रेघा. पुढच्या पानावर बोटींची यादी आहे. सव्वासहा फूट उंचीची एक चांगली मोठी बोट होती गं! तिच्यापुढे ह्यांनी लिहून ठेवलं आहे, ‘नको. फार उंच.’ शीला, माझं चुकलं, हे दोन शब्द आहेत. ते म्हणायला लागू नयेत म्हणून हा माणूस समुद्रावर राहायला निघाला. मी वही होती तशी ठेवून दिली आहे. तुलाही काही माहीत नाही असं समज.

ता. क. तिसरा. बोट खरंच होईल की नाही, मला ठाऊक नाही. झाली तर मी जाईन, नाही झाली तर गच्ची धुऊन काढीन. पण रविवारचं नक्की आहे. हे ओट्यावरच पेटी ठेवतील आणि म्हणतील, आम्हाला घाई आहे, बोट चुकेल. (स्वतःची बोट माणसाला चुकते कशी, हे विचारू नको.) तू ऐकू नको. पुरण घातलं आहे म्हण आणि यांचं पान मांड. माझं मांडू नको. मी आत तुझ्याजवळ बसून जेवीन.